पहिली टूर्नामेंट, ऑर्क आर्मी, आणि ३ तासांत गेम संपतच नाही. नाव देऊ का?

बोरिवलीचा_वाऽघ

मंडळी नमस्कार, दोनेक वर्षं इथे नुसतं वाचतोय, लिहायची वेळ आज आली. पुढच्या महिन्यात दादरला एका हॉलमध्ये ४०के ची (वॉरहॅमर ४०,०००, छोट्या मॉडेलच्या सैन्यांचा टेबलावरचा युद्धाचा खेळ) एक दिवसाची टूर्नामेंट आहे, २००० पॉइंटची आर्मी, दहाव्या एडिशनचे नियम, ३ गेम, दर गेमला ३ तास. मी आजवर एकही टूर्नामेंट खेळलेलो नाही, घरी आणि मित्रांकडेच खेळलोय.

आर्मी ऑर्क, हिरव्या कातडीचे रानटी योद्धे. २० बॉइझची (साधं पायदळ) तीन युनिट, ग्रेचिनची (चिल्लर बुटके) दोन, थोडे नॉब्झ (थोराड ऑर्क), एक बॅटलवॅगन (मोठी गाडी) आणि वॉरबॉस (सरदार). म्हणजे शंभरच्या आसपास मॉडेल. मला हीच आर्मी आवडते हो. लहानपणी चाळीत दिवाळीचा किल्ला करायचो, अळीव पेरून हिरवळ उगवली की त्यातून मावळ्यांची रांगच्या रांग वर चढवायचो, तेव्हा जे वाटायचं तेच मला साठ बॉइझ टेबलावर मांडले की वाटतं. त्यामुळे "दुसरी आर्मी घे" असं कृपा करून सांगू नका.

आता अडचण. गेल्या रविवारी मित्राकडे प्रॅक्टिस गेम झाला, चार तास खेळलो आणि पाचपैकी तिसरा राउंडच चालू होता. मित्र काही बोलला नाही पण त्याने तीनदा घड्याळ बघितलं ते मला दिसलं. त्याआधी एकदा एका दुकानात खेळताना तिथला एक जण तोंडावर म्हणाला होता की असली आर्मी घेऊन स्पर्धेला आलास तर समोरच्याचा अख्खा दिवस वाया जातो. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये, खरं सांगतो. मला जिंकायचंच आहे असं काही नाही, पण कोणी रविवार काढून, पैसे भरून आलाय आणि माझ्यामुळे त्याचा गेम अर्धा राहिला असं व्हायला नको.

दुसरं म्हणजे रंग. ५५ मॉडेल झाली, ४५ बाकी, पाच आठवडे हातात आणि हा पाऊस. दहा बॉइझ पूर्ण रंगवून गच्चीवर मॅट वार्निशचा स्प्रे मारला, दहा मिनिटांनी बघतो तर सगळ्यांवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर. एका एका चेहऱ्यावर तास तास घालवला होता. वाचतील का ती?

तिसरं, बोरिवली ते दादर एवढी मॉडेल लोकलने न्यायची कशी? सध्या फोमच्या बॅगेत नेतो, दर वेळी दोन-तीन हात तरी तुटतातच.

जाऊ का नको ते स्पष्ट सांगा.

---

ठाण्याचे_रेफरी_काका

जा. नाव आजच दे, विचार करत बसलास तर जागा भरतील.

मी बरीच वर्षं जज म्हणून टेबलांमधून फिरतोय म्हणून सांगतो, ऑर्कमुळे गेम अर्धा राहत नाही, न ठरवता खेळल्यामुळे राहतो. तीन तास म्हणजे प्रत्येकाला ९० मिनिटं. त्यातली १५ डिप्लॉयमेंट (सुरुवातीची मांडणी) आणि सुरुवातीच्या बोलण्यात गेली असं धर, उरली ७५, राउंड पाच. म्हणजे सरासरी १५ मिनिटं एका टर्नला. पण तुझी आर्मी सरासरीने चालणारच नाही, पहिल्या दोन टर्नला तुला २५-२५ मिनिटं लागतील कारण सगळे जिवंत आहेत, आणि चौथ्या-पाचव्याला पाच-सात मिनिटांत होईल कारण तोवर निम्मे मेलेले असतात. हे आधी माहीत असलं की दुसऱ्या टर्नला घड्याळ बघून हातपाय गळत नाहीत.

वेळ जातो कुठे ते बघ. मूव्हमेंटमध्ये २० पैकी प्रत्येक बॉय वेगळा मोजू नकोस. पुढच्या रांगेतले चार-पाच नीट मोज, बेसच्या, म्हणजे मॉडेलखालच्या चकतीच्या, पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत (मागच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत मोजलं तर फुकटचा सव्वा इंच मिळतो, बरेच नवीन लोक नकळत करतात, समोरच्याला ते लगेच दिसतं), बाकीचे त्यांच्या मागे सरकव आणि समोरच्याला सांग की मागचे सहा इंचांच्या आतच आहेत. कोणी हरकत घेत नाही. फासे आधीच दहा-दहाचे गट करून वेगवेगळ्या रंगांचे ठेव, वाऽऽघ, म्हणजे ऑर्कची हल्ल्याची आरोळी, मारलेल्या टर्नला एका युनिटचे ७०-८० फासे होतात आणि ते टेबलावर मोजत बसलास तर तिथेच दोन मिनिटं गेली.

आणि आकडे घरून पाठ करून ये. ९ इंचाचा चार्ज (धावून अंगावर जाणं), दोन फाशांवर ९ किंवा जास्त, ३६ पैकी १० वेळा येतं, म्हणजे साधारण २८ टक्के. कमांड री-रोल (फासे परत टाकायची सवलत) हाताशी असेल तर ४८ च्या जवळ जातं. वाऽऽघच्या टर्नला ॲडव्हान्स (मूव्हमध्ये एका फाशाची जास्तीची धाव) करून चार्ज करता येतो, बॉइझची मूव्ह ६, ॲडव्हान्सचे सरासरी साडेतीन, चार्जचे सात, म्हणजे साडेसोळा इंचांच्या आसपास पोच. हे पाठ असलं की "जाऊ का नको" यावर टेबलापाशी उभं राहून पाच मिनिटं जात नाहीत, दहा सेकंदांत ठरतं. मी बघितलेल्या अर्ध्या राहिलेल्या गेमपैकी बहुतेक या उभं राहून विचार करण्यात राहिलेत, मॉडेल सरकवण्यात नाही.

चेस क्लॉक लाव, फोनवरचं चालेल. स्वतःहून सुचव. समोरचा भरपूर सेव्ह (मार चुकवायचे फासे) टाकत असेल तेव्हा घड्याळ त्याच्याकडे दाबायचं, हे लोक लाजून करत नाहीत आणि मग त्याचा वेळ स्वतःच्या खात्यातून जातो. तुझी ९० मिनिटं संपली तर बहुतेक ठिकाणी नियम असा की तू फक्त सेव्ह टाकायचे आणि धरलेल्या ऑब्जेक्टिव्हचे (टेबलावरच्या ताब्यात ठेवायच्या जागा) पॉइंट घ्यायचे, बाकी काही नाही. समोरच्याचा गेम तरी पूर्ण होतो. तुला जी काळजी आहे ना, तिचं उत्तर हे घड्याळच आहे.

त्या दुकानातल्या माणसाचं मनावर घेऊ नकोस असं नुसतं म्हणणार नाही, लागलंच असणार. पण स्पर्धेची रचनाच अशी असते की तो म्हणतो तसं होत नाही. आपल्याकडे सगळीकडे स्विस पद्धत असते, बुद्धिबळवाली, १८९५ मध्ये झुरिकच्या स्पर्धेत पहिल्यांदा वापरली ती. पहिला गेम हरलास तर दुसऱ्यात हरलेल्याशीच गाठ पडते. म्हणजे तिसऱ्या गेमपर्यंत तू आणि समोरचा साधारण एकाच पाण्यातले असता. तो गेम दोघांनाही चांगला जातो.

---

कांजूरचा_कमिसार

काकांशी सहमत, फक्त एक वेगळं मत. आर्मी बदलू नको पण लिस्ट बदल. बॉइझची तीन युनिट आहेत ती दोन कर, ४० राहू देत, मोकळ्या झालेल्या पॉइंटात अजून एक गाडी घे. रांग चढवल्यासारखं ४० मध्येही वाटतं आणि तुझे २० रंगवायचे पण वाचतात. मी गार्डवाला आहे (साध्या माणसांच्या सैनिकांची आर्मी), पहिल्या टूर्नामेंटला १२० च्या वर माणसं घेऊन गेलेलो, तिन्हीपैकी एकही गेम पाचव्या राउंडला पोचला नाही आणि दुसऱ्या गेमला समोर जो मुलगा होता तो पुण्याहून पहाटेची गाडी पकडून आलेला, त्याचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून ७० च्या वर जात नाही.

आणि सेकंडरी कार्डं, म्हणजे पॉइंट मिळवायची जोडकामं. टॅक्टिकल घेतलंस तर दर टर्नला नवीन कार्डं उचला, वाचा, परत सगळा प्लॅन करा. पहिल्या स्पर्धेला फिक्स्ड घे, दोनच ठरलेली, पाचही राउंड तीच. पॉइंट थोडे कमी होतील पण डोकं मोकळं राहतं.

---

पेणची_लेक

रंगाचं मी सांगते. माझं माहेर पेणचं, वडिलांचा गणपतीचा कारखाना, मी आठवीपासून सोंडेवरची नक्षी आणि मुकुट रंगवत आलेय, डोळ्यांची आखणी मात्र वडील अजूनही दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. आता परळला राहते आणि नेक्रॉन (धातूच्या सांगाड्यांची आर्मी) खेळते.

आधी ती दहा पांढरी पडलेली. टाकून देऊ नकोस आणि घासू तर अजिबात नकोस. रंग गेलेला नाही, वार्निशच्या थरात दमट हवेने धुकं धरलंय. ग्लॉस वार्निश, बाटलीतलं, ब्रशने पातळ हात मार, बहुतेक वेळा खालचा रंग परत दिसायला लागतो. नीट वाळू दे, एक रात्र, मग वर मॅट, तेही ब्रशनेच. आधी एकाच मॉडेलवर करून बघ.

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत गच्चीवर स्प्रे नाही म्हणजे नाही. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) पण नाही, तो दाणेदार बसतो आणि मग वरचे सगळे रंग वाळूवर रंगवल्यासारखे दिसतात. ब्रशने लावायचा प्रायमर मिळतो तो घे, दोन पातळ हात. आमच्याकडे पावसात मूर्ती वाळत नाहीत म्हणून वडील खोलीत बल्ब लावून ठेवतात, तू टेबल लॅम्पखाली ठेव, फॅन बारीक.

४५ मॉडेल पाच आठवड्यांत आरामात होतात पण एका चेहऱ्याला तास दिलास तर नाही होणार. दहा-दहाची रांग लाव. आज फक्त सगळ्यांची हिरवी कातडी. उद्या सगळ्यांचे कपडे, एकच तपकिरी. परवा धातू. मग सगळ्यावर गडद वॉश, वॉश खाचांत उतरतो आणि तुझं निम्मं काम स्वतःच करतो. वाळला की कातडीवर फिक्या हिरव्याचा जवळजवळ कोरडा ब्रश फिरव, नाक, गाल, बोटांची पेरं. डोळ्यांत लाल ठिपका, एकच, बुबुळ काढायच्या फंदात पडू नकोस. टेबलावर माणूस तीन फुटांवरून बघतो, त्याला दात दिसतात, डोळे नाही, म्हणून वेळ द्यायचाच तर दातांना दे. आणि ठिपका देताना दोन्ही मनगटं एकमेकांना टेकव, मॉडेल धरलेला हात आणि ब्रशचा हात, मग थरथर दोन्हीकडे सारखीच होते. हे मला वडिलांनी शिकवलंय आणि सव्वा इंची ऑर्कला पण तेवढंच लागू पडतं.

बेस रिकामे ठेवू नको. फेव्हिकॉल आणि चाळलेली वाळू, इमारतीच्या कामावरची चालेल, चौपाटीची नको, तिच्यात मीठ असतं. वर चहाचा चोथा खडखडीत वाळवून टाकला की पालापाचोळा दिसतो, पण नीट वाळव, नाहीतर या दिवसांत खरंच बुरशी येते. पूर्ण रंगवलेली आणि बेस केलेली आर्मी असेल तर दर गेमला १० पॉइंट मिळतात, १०० पैकी १०. प्रायमरीचे (ऑब्जेक्टिव्ह धरण्याचे) जास्तीत जास्त ५०, सेकंडरीचे ४०, आणि हे १० तू घरून निघतानाच खिशात टाकून निघतोस.

अजून एक, प्रश्नाबाहेरचं आहे पण तू "समोरच्याचा दिवस वाया" लिहिलंस म्हणून. मी पहिल्यांदा स्पर्धेला गेले तेव्हा दारातच विचारलं, कोणाबरोबर आलात? मी आर्मीचा डबा हातात धरून उभी. पहिल्या गेमला समोरचा माणूस मला प्रत्येक नियम समजावून सांगत होता, मी न विचारता, आणि दोन नियम चुकीचे. मी जजला बोलावलं, शांतपणे, पान उघडून दाखवलं. दुसऱ्या गेमला जो होता त्याने हात मिळवला, म्हणाला नेक्रॉन आहेत ना, परत उठतात ते कधी आणि किती ते आधी सांगा, म्हणजे मधे थांबायला नको. एवढंच. मी तो गेम २० पॉइंटांनी हरले आणि घरी येऊन नवऱ्याला रात्री साडेअकरापर्यंत त्या गेमचंच सांगत होते. त्या दुसऱ्या माणसामुळे मी अजून जाते. तूही समोरच्यासाठी तसाच हो, तुझ्या हातात आहे ते.

---

बोरिवलीचा_वाऽघ

ताई, एका बॉयवर ग्लॉस लावला. परत आला!! दात, टाके, सगळं दिसतंय. बाकीच्या नऊ जणांना आत्ता लावतो. खूप खूप आभार.

काका, नाव दिलं. कमिसार, तिसरं युनिट काढलं नाही पण २० चं १० केलं, म्हणजे ५० बॉइझ. त्याहून खाली मन होत नाहीये.

एक विचारायचं होतं, समोरच्याशी बोलायचं नक्की काय आणि किती? आम्ही मित्र-मित्र खेळतो तेव्हा कोण काय करतंय ते कळतंच. आणि भांडण झालं तर जजला बोलावणं वाईट दिसतं का?

---

ठाण्याचे_रेफरी_काका

जजला बोलावणं म्हणजे तक्रार नव्हे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटचा युद्धाचा खेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला घेतला, तेव्हाही मधे पंच बसायचाच, दोन्ही बाजू आपापले हुकूम त्याला द्यायच्या. दोन माणसं खेळतात आणि तिसरा ठरवतो ही पद्धत असल्या खेळांत तेव्हापासूनची आहे. फक्त फासे पडायच्या आधी बोलाव. पडल्यानंतर बोलावलंस तर निकाल कुठलाही लागो, एकाला तरी वाटतंच की आकडा बघून भांडतोय.

बोलायचं काय? मनात जे आहे ते. मॉडेल ठेवलंस की म्हण, "हा भिंतीच्या मागे आहे, तुमच्या टँकला दिसत नाही, बरोबर?" तो हो म्हणाला की विषय संपला, नंतर कोणाचा धक्का लागून मॉडेल दोन मिलिमीटर सरकलं तरी वाद नाही. "ही दोघं ऑब्जेक्टिव्हवर आहेत." "इथून तुमच्या त्या युनिटपर्यंत साडेनऊ इंच, दोघांनी बघितलं." गेमच्या आधी आपली आर्मी काय करू शकते ते दोन मिनिटांत सांग, वाऽऽघ काय करतो ते तर नक्की सांग, कारण ते माहीत नसताना साडेसोळा इंचांवरून अंगावर आलास तर समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं.

फाशाचं पण आधीच ठरव. तिरका पडला तर काय, टेबलाखाली गेला तर काय. गेल्या वर्षी एका स्पर्धेत शेवटच्या गेमला मी एका टेबलापाशी उभा होतो, पाचवा राउंड, दोघांचे पॉइंट जवळजवळ सारखे, एका मुलाच्या शेवटच्या टर्मिनेटरचा (जड चिलखतातला सैनिक) सेव्ह. फासा एमडीएफच्या मनोऱ्याच्या पायरीला टेकून थांबला, वर सहा. समोरचा म्हणाला, चालेल, सहा आहे. या मुलाने खिशातून दुसरा फासा काढला, त्या तिरक्या फाशावर ठेवून बघितला, तो घसरला. म्हणजे तिरका. त्याने परत टाकला, एक आला, टर्मिनेटर गेला, गेम गेला, तिसऱ्या नंबरवर येणार होता तो सातवा आला. नंतर दोघं खाली टपरीवर कटिंग पीत अर्धा तास त्या पायरीवरच बोलत होते की ती तिथे ठेवायलाच नको होती.

थ्रीडी प्रिंट केलेली मॉडेल असतील तर आयोजकांना आधी विचार. गेम्स वर्कशॉपच्या स्वतःच्या स्पर्धांना चालत नाहीत. आपल्याकडे बहुतेक जण चालवून घेतात पण बेसचा आकार बरोबर हवा आणि हातातलं हत्यार ओळखू यायला हवं.

---

कांजूरचा_कमिसार

लोकलचं राहिलं. फोम सोडून दे. नागदेवी स्ट्रीटला जा, मस्जिद स्टेशनला उतरून चालत, छोटे निओडिमियम मॅग्नेट घे, ५ मिमी रुंद २ मिमी जाड पुरतात, प्रत्येक बेसच्या खाली एक सुपरग्लूने. तिथेच पातळ पत्रा कापून मिळतो, लोखंडीच घे, स्टेनलेसच्या बऱ्याच पत्र्यांना मॅग्नेट चिकटत नाही, दुकानातच लावून बघ. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात तळाला पत्रा चिकटवला की झालं काम. मी डबा उलटा करून हलवून दाखवतो लोकांना, एक माणूस पडत नाही. ३२ मिमीचे बॉइझ एका मध्यम डब्यात चाळीसेक तरी बसतील. बॅटलवॅगन वेगळी, टॉवेलात गुंडाळून.

डबा मांडीवर घेऊन बस, वरच्या रॅकवर ठेवू नको. बोरिवलीहूनच सुटणारी स्लो पकड, रविवारी सकाळी बसायला मिळतं. वेस्टर्नचा जंबो ब्लॉक असेल तर शुक्रवार-शनिवारी जाहीर होतो, तो बघूनच निघायचं ठरव, पहिला राउंड साडेनऊला सुरू होतो आणि उशिरा आलास तर तुझ्याच घड्याळातून मिनिटं जातात.

शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं-पाच जण हॉलवर टेबलं मांडायला असतो. टेबल ४४ बाय ६० इंच, वरची मॅट आम्ही वाढदिवसाचे बॅनर छापतात त्याच दुकानात फ्लेक्सवर छापून घेतली, मॅट फिनिश सांगून, नाहीतर ट्यूबलाइट चमकते. रुइन्स (टेबलावरच्या पडक्या इमारती) सगळ्या हाताने केलेल्या आहेत. तू किल्ले करायचास म्हणतोस तर लवकर ये, दोन टेबलांची टेरेन अजून रंगवायची बाकी आहे आणि हात कमी आहेत.

---

बोरिवलीचा_वाऽघ

शनिवारी येतो. चार वाजता चालेल ना? ब्रश आणि वाळू घेऊन येतो.

मॅग्नेट आणले, ३० बेसना लावून झाले. काल मित्राकडे परत गेम झाला, घड्याळ लावून, आणि त्याला आधीच सांगितलं की आज बघायचंच किती होतंय. माझी ९४ मिनिटं, त्याची ७१, पाचही राउंड झाले. चार मिनिटं जास्त गेली ती सगळी दुसऱ्या टर्नला, ग्रेचिन कुठे लपवायचे यात. मी हरलो, ६८–५९. मित्र म्हणाला पुढच्या रविवारी परत लावू.

ताई, दातांचा फोटो उद्या टाकतो, आत्ता उजेड नाही. सतरा झाले, अठरावा हातात आहे.